जपानी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक व्हायचंय? जेटच्या मुलाखतीची तयारी अशी करा

“आम्ही तिघं पाचवीतली मुलं आहोत असं समजा. पाच मिनिटं आम्हाला इंग्रजी शिकवा.”

माझ्या पहिल्या मुलाखतीत हे वाक्य आलं तेव्हा मी उभी राहिले आणि पाचही मिनिटं बोलत राहिले. उच्चार स्वच्छ होते, व्याकरण बिनचूक होतं, आंब्याबद्दलची माहितीही चांगली होती. पण समोरच्या तिघांना मी एक शब्दसुद्धा बोलू दिला नव्हता. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, जवळपास तोच प्रश्न आला, आणि त्या वेळी पाचातली चार मिनिटं ‘मुलं’ बोलली. त्यानंतर मी तीन वर्षं जपानमधल्या एका लहान गावात शिकवलं.

या मुलाखतीत तुमचं इंग्रजी किती भारी आहे हे बघायला कोणी बसलेलं नसतं. ते अर्जावरून बरंचसं कळलेलं असतं. तुमच्यामुळे लाजरं मूल तोंड उघडेल का, आणि दुसऱ्याच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर उभं राहून तुम्ही मनापासून काम कराल का, हे त्यांना बघायचं असतं. सगळी तयारी या दोन गोष्टींभोवती करायची.

आधी नोकरी काय आहे ते नीट समजून घ्या

जेट म्हणजे जपान एक्स्चेंज अँड टीचिंग प्रोग्रॅम. १९८७ साली सुरू झालेली ही जपान सरकारची योजना. तिथली तीन मंत्रालयं आणि क्लेअर ही स्थानिक स्वराज्य संस्थांची परिषद मिळून ती चालवतात. दरवर्षी पन्नासेक देशांतले ५ हजारांहून जास्त लोक या योजनेखाली जपानमध्ये काम करत असतात आणि त्यातले बहुतेक एएलटी, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर असतात. भारतातून जाणारे अगदी थोडे. करार एका वर्षाचा, दोन्ही बाजू राजी असतील तर जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. पदवी कुठल्याही विषयातली चालते, बी.एड. लागत नाही, जपानी भाषा यायलाच हवी अशी अटही नाही. पहिल्या वर्षाचा पगार साधारण ४० लाख येन. त्यातून विमा, पेन्शन, घरभाडं वजा जातं, तेव्हा नुसत्या आकड्याला रुपयांत गुणून खूश होऊ नका.

एक गोष्ट अर्जाआधीच तपासा. जपानमध्ये परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसाच्या नियमांत त्या भाषेतून १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी एक अट आहे. इंग्रजी माध्यमातून शिकला असाल तर शाळा-कॉलेजकडून माध्यमाचा दाखला घेऊन ठेवा. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर आपल्याला अर्ज करता येतो का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीचा हवाला देऊन जपानी दूतावासाला लेखी विचारा. तीन महिने तयारी करून मग हे कळण्यापेक्षा एक ईमेल बरा.

आता ‘असिस्टंट’ या शब्दाकडे वळू. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. अभ्यासक्रम, परीक्षा, गुण, शिस्त हे सगळं त्याच्याकडे. कनिष्ठ माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेत इंग्रजीचा जपानी शिक्षक असतो, त्याला सगळे जेटीई म्हणतात. तास ५० मिनिटांचा. प्राथमिक शाळेत ४५ मिनिटांचा. तिथे बऱ्याचदा वर्गशिक्षकच इंग्रजी घेतात आणि त्यांना स्वतःलाच इंग्रजी बोलायचा संकोच असतो, त्यामुळे अर्धा-अधिक तास तुमच्यावर येऊ शकतो. २०२० पासून जपानमध्ये तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास इंग्रजी हा रीतसर विषय आहे. म्हणजे आठवड्याला एक किंवा दोन तास. ही आकडेवारी पाठ म्हणायची नसते, पण ती माहीत असली की तुमची उत्तरं जमिनीवर राहतात. आठवड्याला एकच तास भेटणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे मग आपोआप सुचतं.

स्वतःचाच निबंध परक्याच्या नजरेने वाचा

अर्जासोबत तुम्ही दोन पानी उद्देशपत्र, म्हणजे आपल्याला का जायचंय हे सांगणारा निबंध, दिलेलं असतं. मुलाखतीला ते समोरच्यांच्या टेबलावर असतं, आणि त्यात खुणा केलेल्या असतात. त्यामुळे पहिलं काम हे: त्या पत्राची प्रत काढा, प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि समासात एकेक उपप्रश्न लिहा. ‘मला मुलांना शिकवायला आवडतं’ असं लिहिलं असेल तर कोणाला शिकवलं, काय शिकवलं, एखादं मूल आठवतं का? ‘मला जपानी संस्कृतीची ओढ आहे’ असं असेल तर कशाची ओढ आहे, कधीपासून, आणि त्यासाठी इथे राहून आजवर काय केलंत?

ज्या वाक्याला तुमच्याकडे गोष्ट नाही, ते तुम्ही कुठून तरी उचललेलं आहे. तिथेच तुम्ही अडकाल. पत्र बदलता येणार नसतं, म्हणून त्या वाक्यामागची खरी गोष्ट शोधून ठेवा.

‘जपानच का?’

हा प्रश्न येणारच. अ‍ॅनिमे आवडतं हे सांगायला हरकत नाही, ते लपवू नका. पण अ‍ॅनिमे घरी बसूनही बघता येतं. गावातल्या शाळेत जाऊन मुलांना शिकवायचं आहे ते का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

मराठी माणसाकडे या प्रश्नासाठी खरंखुरं, घरचं साहित्य आहे आणि ते फारसं कोणी वापरत नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली, त्यातून त्यांना कल्पना सुचली आणि १९१६ साली पुण्यात आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. तुमची आई किंवा मावशी एसएनडीटीची पदवीधर असेल तर तुमच्या घराचा जपानशी शंभर वर्षांचा धागा आहे. पुण्यात वाढला असाल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात खेळला असाल. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी पिढ्या जपानी शिकल्या.

यातलं जे तुमचं असेल तेच सांगा. कर्व्यांची गोष्ट मी इथे दिली म्हणून सगळ्यांनी तीच सांगितली तर तिचा काही उपयोग नाही. शेजारच्या काकांनी जपानी कंपनीत वीस वर्षं काढली आणि त्यांच्याकडून पहिल्यांदा ‘ओत्सुकारेसामा’ (‘दमलात, छान काम केलंत’) हा शब्द ऐकला, हेही पुरेसं आहे.

याच्याच जोडीला ‘भारतातच का शिकवत नाही?’ हा प्रश्न येतो, आणि तो खोचक नसतो. परत आल्यावर काय करणार हे त्यातून त्यांना समजून घ्यायचं असतं. ही योजना देशादेशांतली ओळख वाढावी म्हणून आहे, त्यामुळे परतल्यावर तुम्ही काय घेऊन येणार याचा विचार केलेला असू द्या.

तुम्ही इंग्रजी कसं शिकलात, ते आठवा

इथे थोडं थांबते, कारण आपलं सगळ्यात मोठं बळ इथे आहे आणि आपण नेमकं तेच लपवतो. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात इंग्रजी नव्हतं. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर मनात मराठीत तयार व्हायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, तोवर बाई पुढच्या बाकाकडे गेलेल्या असायच्या. हात वर करायची भीती, चुकलं तर मागच्या बाकावरचं हसू. जपानी मूल आज नेमकं याच ठिकाणी बसलेलं आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला ही भीती पुस्तकात वाचावी लागते. तुम्हाला ती आठवते.

त्याहून बारीक गोष्टी आहेत. जपानीत ‘न्’ सोडला तर शब्दाच्या शेवटी सुटं व्यंजन येत नाही, म्हणून मुलं ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ करतात आणि ‘अ‍ॅपल’चं ‘आप्पुरु’. इंग्रजी शब्द काताकाना लिपीत लिहिले जातात आणि तसेच उच्चारले जातात. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने स्टेशनचं ठेसन केलं, ऑफिसचं हापिस केलं, बॉटलची बाटली तर आता अस्सल मराठीच झाली आहे. परका शब्द आपल्या तोंडात बसवून घेणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे ‘आप्पुरु’ ऐकून तुम्ही हसणार नाही, आणि ते का होतं हेही तुम्हाला कळेल.

वाक्याची रचनाही बघा. ‘मी आंबा खाते’ हे जपानीत ‘वाताशि वा मांगो ओ ताबेमास’. मी, आंबा, खाते. क्रम तोच. कर्म आधी, क्रियापद शेवटी, आणि शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय. म्हणून जपानी मूल ‘आय मँगो ईट’ म्हणालं तर ते बेशिस्त नाही, ते आपल्या भाषेच्या वळणाने चाललं आहे. मुलाखतीत मी हे एवढंच सांगितलं होतं, दोन वाक्यांत, आणि पॅनेलवरच्या जपानी गृहस्थांनी पेन खाली ठेवून आणखी एक उदाहरण मागितलं.

पाच मिनिटांचा पाठ

सगळ्यात जास्त वेळ यावर द्या. नमुना पाठ प्रत्येकाला घ्यायला लावतातच असं नाही, पण लावला तर तयारी नसलेला माणूस लगेच उघडा पडतो.

एकच वाक्य निवडा. खरंच एकच. मी दुसऱ्या वेळी ‘आय लाइक मँगोज. हाउ अबाउट यू?’ घेतलं होतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर जाड स्केचपेनने चार चित्रं काढून पर्समध्ये ठेवली होती: आंबा, लिंबू, कारलं आणि आइस्क्रीम. कारलं मुद्दाम, कारण जपानमध्येही कारलं खातात, त्याला गोया म्हणतात, आणि तिथलीही मुलं त्याला तोंड वाकडं करतात. पाठ असा झाला.

आधी मी पॅनेलमधल्या एकांना विनंती केली: “तुम्ही जपानी शिक्षक व्हाल का?” हे फार महत्त्वाचं आहे. नोकरी जोडीने शिकवण्याची आहे, मग पाठही जोडीने घ्या. आम्ही दोघांनी उभं राहून संवाद करून दाखवला. मी आंब्याचं चित्र धरलं, डोळे मिटून आनंदाने ‘आय लाइक मँगोज. हाउ अबाउट यू?’ म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं. मग कारलं दाखवलं, चेहरा कसनुसा केला, ‘आय डोन्ट लाइक’ म्हटलं. अर्थ सांगावा लागला नाही, चेहऱ्याने सांगितला.

मग सगळ्यांनी मिळून माझ्यामागून म्हणायचं. एकदा मोठ्याने, एकदा कुजबुजत, एकदा भराभर. तीनदा तेच वाक्य झालं तरी कंटाळा आला नाही. एकट्याला उठवण्याआधी सगळ्यांबरोबर म्हणायला मिळालं की मुलाची भीती निम्मी होते.

त्यानंतर साखळी. मी पहिल्याला विचारलं, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसरीला. तिसऱ्या बाई ठरवून गप्प बसल्या. मान खाली, हात मांडीवर. पॅनेल हे हमखास करतं. अशा वेळी ‘कम ऑन, से इट’ म्हणत मागे लागू नका. मी खाली वाकून चित्र त्यांच्यासमोर धरलं आणि अंगठा वर, अंगठा खाली, असं दोन्ही दाखवून थांबले. मनात पाच आकडे मोजले. त्यांनी अंगठा खाली केला. मी म्हटलं, “ओके! आय डोन्ट लाइक... टुगेदर?” आणि आम्ही दोघींनी वाक्य बरोबर म्हटलं. मग पुढे गेले. मुलाने शब्दाने उत्तर दिलं नाही तरी त्याने उत्तर दिलं आहे, हे तुम्ही मानलं पाहिजे.

ते पाच आकडे घरी मोजून बघा. शांतता फार लांब वाटते आणि आपण ती भरून टाकतो. मी पहिल्या वर्षी तीच भरून टाकली होती.

सराव आरशासमोर करू नका, आरसा उत्तर देत नाही. सोसायटीतली, वाड्यातली चार मुलं गोळा करा, दुसरी-तिसरीतली, मराठी शाळेतली असतील तर उत्तमच. त्यांच्याशी मराठी न बोलता पाच मिनिटं काढून दाखवा. कुठे मराठी शब्द तोंडात येतो ते लिहून ठेवा; नेमक्या त्या जागी चित्र, हावभाव किंवा वस्तू लागणार आहे. मोबाइल एका कोपऱ्यात लावून चित्रण करा आणि नंतर बघताना फक्त एक गोष्ट मोजा: किती वेळ तुम्ही बोलत होता आणि किती वेळ मुलं.

कधी लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘हाच पाठ अकरावीला कसा घ्याल?’ तेव्हा चित्रं बाजूला ठेवा आणि ‘का’ आणा. आवडतं तर का, तुमच्या गावाबाहेरच्या माणसाला काय खायला सांगाल, वगैरे. मोठ्या मुलांना लहान मुलांचे खेळ दिले की ती दुखावतात.

‘असं झालं तर काय कराल?’

जेटच्या लोकांत एक वाक्य सतत ऐकू येतं: प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. त्यामुळे हे प्रश्न कोड्यासारखे नसतात, एकच बरोबर उत्तर नसतं. तुमची पहिली हालचाल कोणत्या दिशेने होते, ते बघतात.

शिक्षकाने फळ्यावर इंग्रजीत चूक केली. वर्गासमोर दुरुस्त करू नका. त्याचं त्या मुलांसमोरचं स्थान तुमच्या बरोबर असण्यापेक्षा मोठं आहे. चूक मुलांच्या वहीत जाणार असेल तर जवळ जाऊन हळूच विचारा, नाहीतर तासानंतर.

शिक्षक तुम्हाला नुसतं धडा वाचायला लावतो, ‘माणसाचा टेपरेकॉर्डर’ करून ठेवतो. ही तक्रार खरी आहे आणि बऱ्याच जणांच्या वाट्याला येते. मुख्याध्यापकांकडे जाईन, हे उत्तर देऊ नका. ज्या शिक्षकाला दिवसभर वर्ग, मग क्लबचं काम, मग कागदपत्रं, त्याला तुमच्यासाठी वेगळी योजना करायला वेळ कुठला? म्हणून तयार वस्तू घेऊन जा. “उद्याच्या धड्यावर पाच मिनिटांचा खेळ केला आहे, चालेल का?” असं विचारलं तर नाही म्हणणं अवघड असतं. माझ्या शाळेत पाच मिनिटांची दहा व्हायला एक सत्र लागलं.

वर्गात मूल झोपलं. उठवायचं की नाही हे आधी शिक्षकाकडे बघून ठरवा. शाळेला आणि घरच्यांना त्यामागचं कारण बहुधा माहीत असतं, तुम्हाला नसतं.

मुलीने तुम्हाला सांगितलं की वर्गात तिला त्रास देतात, आणि कोणाला सांगू नका म्हणाली. इथे मात्र उत्तर स्पष्ट हवं: गुप्त ठेवण्याचं वचन देणार नाही, त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगेन. विद्यार्थ्याने समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती पाठवली तर स्वीकारणार नाही, हेही तितकंच स्पष्ट.

नेमणूक कुठेही होऊ शकते, पसंती लिहिता येते पण मिळेलच असं नाही. होक्काइदोचा बर्फ किंवा ओकिनावाचं बेट, दोन्हीसाठी मन तयार आहे का, असं विचारतील. खेड्यात गाडी लागते. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे वर्षभर चालतो, नंतर जपानी परवाना काढावा लागतो. गाडी येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा आणि मुलाखतीत तसं सांगा.

शाकाहाराचा प्रश्न

आपल्याकडच्या कितीतरी उमेदवारांना हा प्रश्न विचारतात आणि ते गडबडतात. प्राथमिक आणि बहुतेक कनिष्ठ माध्यमिक शाळांत दुपारचं जेवण, क्युशोकु, वर्गातच होतं. मुलं टोप्या-अ‍ॅप्रन घालून वाढतात, सगळे एकच जेवण जेवतात, आणि एएलटी बऱ्याचदा मुलांबरोबर बसतो. तिथल्या बहुतेक आमट्या-सारांचा आधार म्हणजे दाशी, आणि ते बहुधा बोनितोसारख्या सुक्या माशांचं असतं. म्हणजे भाजीचं वाटणारं वरणसुद्धा आपल्या अर्थाने शाकाहारी नसतं.

शाकाहारी असाल तर ‘मी सगळं खाईन’ असं सांगू नका, ते तिथे गेल्यावर तुम्हालाच जड जाईल. “मी मांस-मासे खात नाही. डबा घेऊन जाईन, पण मुलांबरोबर त्याच टेबलावर बसेन आणि माझ्या डब्यात काय आहे ते त्यांना इंग्रजीत ओळखायला सांगेन” हे उत्तर प्रामाणिकही आहे आणि शिक्षकाचंही आहे. माझ्या वर्गात डब्यातली भेंडी बघून सगळी मुलं एकदम ‘ओकुरा!’ ओरडली होती. भेंडीला जपानीतही ओक्राच म्हणतात. त्या दिवशीचा नवा शब्द शिकवायला मला काही करावंच लागलं नाही.

आपल्याकडचं काय दाखवाल?

‘भारताची ओळख करून देणारी कोणती वस्तू वर्गात न्याल?’ ताजमहालाचा फोटो सगळे सांगतात. मुलाच्या हातात देता येईल असं काहीतरी सांगा. सागरगोटे न्या: जपानमध्ये ओतेदामा नावाचा खेळ आहे, धान्य भरलेल्या छोट्या पिशव्या उडवून झेलायचा, आणि तिथल्या आज्यांना तो अजून येतो. गणपती सांगायचा असेल तर जपानमध्येही तो आहे, कांगितेन नावाने. टोकियोत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामाच्या देवळात त्याला मुळा वाहतात. आपल्याकडे दूर्वा, तिथे मुळा. मुलांसमोर तुलना ठेवली की प्रश्न त्यांच्याकडूनच येतात, आणि ‘तुम्ही रोज करी खाता का?’ या प्रश्नालाही छान उत्तर देता येतं, कारण करी-राइस त्यांचंही आवडतं जेवण आहे.

उच्चार आणि आपलं इंग्रजी

जेटच्या पात्रतेत स्पष्ट, प्रमाण उच्चार, लय आणि आवाजाचे चढउतार यांचा उल्लेख आहे. अमेरिकी हेल काढायची गरज नाही, तो ओढूनताणून आणला की लगेच कळतो. पण काही गोष्टी महिनाभरात सुधारतात. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू, आपण दोन्हीला एकच ‘व’ म्हणतो. ‘थिंक’मधला ‘थ’ आपल्या थंडीतला नव्हे, जीभ दातांत हवी. ‘झेड’च्या जवळचा आवाज मात्र आपल्याकडे आहे, जहाजातल्या ज मध्ये, तेव्हा ‘झू’ म्हणताना तो वापरा. कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे शब्दकोशात खूण करून दिलेलं असतं. आपण सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. आणि वेग कमी करा, आपण फार भराभर बोलतो.

‘आय पास्ड आउट इन २०२२’, ‘माय गुड नेम’, ‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे आपल्यात चालतं, बाहेर कळत नाही. रोज एक मिनिट कशावरही बोलून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत.

मुलाखतीचा दिवस

समोर बहुधा तीन जण असतात, त्यात कधी जेटवर जाऊन आलेली व्यक्ती असते. वेळ साधारण अर्धा तास. उत्तर गोलार्धातल्या देशांत अर्ज शरद ऋतूत, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आणि प्रयाण जुलै-ऑगस्टमध्ये, असा जेटचा साधारण क्रम आहे. मुलाखत दिल्लीला असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. त्या दिवसांत धुक्याने गाड्या आणि विमानं तासन्‌तास रखडतात. स्वेटर घ्या, पुण्या-मुंबईचा माणूस तिथे गारठतो आणि गारठलेला चेहरा हसत नाही.

सूट किंवा साधा, इस्त्रीचा औपचारिक पोशाख. साडी नेसायची सवय असेल आणि तिच्यात वाकून, उठून पाठ घेता येत असेल तर नेसा; वर्षातून एकदा नेसत असाल तर त्या दिवशी नको.

जपानी येत असल्याचं अर्जात लिहिलं असेल तर दोन-तीन प्रश्न जपानीत येऊ शकतात. लिहिलं तेवढं यायला हवं. अजिबात येत नसेल तरी ‘हाजिमेमाश्ते’ (पहिल्या भेटीतला नमस्कार) म्हणून नाव सांगणं आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’ (‘लोभ असू द्या’) म्हणणं शिकून घ्या. जपानचे पंतप्रधान कोण, अलीकडे तिथे काय घडलं, हे आठवडाभर बातम्या वाचून बघा. भारताबद्दलही विचारतात, आणि आपल्याच राज्याबद्दलच्या प्रश्नाला अडखळलेले उमेदवार मी पाहिले आहेत.

उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. शेवटी तुम्हाला काही विचारायचं आहे का म्हणतील, तेव्हा पगार-सुट्टीपेक्षा शाळेबद्दल विचारा. जेटवर जाऊन आलेली व्यक्ती असेल तर तिला पहिल्या आठवड्याबद्दल विचारा. बहुतेकांना ते सांगायला मनापासून आवडतं.

बाहेर आल्यावर चहा घ्या आणि तिथेच बसून सगळे प्रश्न वहीत उतरवून काढा, कोणत्या उत्तरावर कोणी मान हलवली तेसुद्धा. मी दुसऱ्या वर्षी तयारी केली ती पहिल्या वर्षीच्या त्या दोन पानांवरूनच. निकालात निवड, नकार आणि प्रतीक्षा यादी असे तीन प्रकार असतात. प्रतीक्षा यादीत असाल तर पासपोर्टची मुदत तपासा, वैद्यकीय तपासणीची कागदपत्रं हाताशी ठेवा आणि फोन बंद ठेवू नका. कोणी माघार घेतली की जागा उघडते, आणि मग निरोप आल्यावर हाती फार थोडे दिवस उरलेले असतात.